वारं गेलेलं अंग आणि शिकणारा मेंदू



आपल्याकडे कुणाचा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला की 'अंगावरून वारं गेलं' असं म्हणतात. कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांगवायू. दवाखान्यात त्यालाच पक्षाघात किंवा स्ट्रोक म्हणतात. नाव कुठलंही घ्या, घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "आता हलवू नका, पडून राहू द्या." आणि दुसरं, "जे गेलं ते गेलं, आता काय परत येतंय?"

आजच्या भाषणात आम्ही या दोन वाक्यांचा इतिहास सांगणार आहोत. माणसाला खाटेवर कुणी निजवलं, तिथून कुणी उठवलं, चालण्या-फिरण्यानं मेंदूला काय मिळतं हे कसं कळलं, आणि या गोष्टीत आपल्या पुण्याच्या खडकी-वानवडीचा काय संबंध, ते सगळं क्रमानं पाहू.

हा आजार शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा, असा एक समज आहे. तो खरा नाही. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली, प्रत्येक मृत्यूमागचं कारण शोधलं. तेव्हा दिसलं की पक्षाघात हेच मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण होतं. साधारण सात मृत्यूंमागे एक. त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली. हे गाव आहे, शेत आहे, कष्ट आहेत, तरीही. म्हणून हा विषय आपला आहे.

वारं कुठून आलं

'वारं' हा शब्द जुना आहे. आयुर्वेदातही पक्षाघाताचा विचार वाताच्या विकारांमध्ये केलेला आहे. चालता-बोलता माणूस क्षणात कोसळतो, बाहेरून जखम दिसत नाही, रक्त दिसत नाही. तेव्हा वाऱ्यासारखं काहीतरी अंगावरून गेलं असं वाटणं साहजिक होतं. युरोपातही या आजाराचं जुनं नाव 'अचानक बसलेला तडाखा' अशाच अर्थाचं होतं.

१६५८ साली स्वित्झर्लंडमधल्या योहान वेप्फर नावाच्या डॉक्टरांनी अशा आजारानं गेलेल्यांचे मेंदू उघडून पाहिले आणि लिहून ठेवलं की, आत रक्त साकळलेलं आहे, रक्तवाहिन्यांत बिघाड आहे. म्हणजे दुखणं हाता-पायात नव्हतंच. पाटाचं पाणी अडलं की पुढचं वावर सुकतं. तसं मेंदूतली रक्ताची वाट गुठळीनं बंद झाली, की पुढच्या पेशी मरतात. कधी वाहिनी फुटते आणि रक्त आत पसरतं. त्या पेशी ज्या हाताला, पायाला, जिभेला हुकूम देत होत्या, तो अवयव गप्प पडतो. हात शाबूत असतो, पण त्याला सांगणारा कुणी उरत नाही.

दुखणं मेंदूत आहे हे कळलं, पण त्यातूनच निराशाही आली. मोठेपणी मेंदूत नव्या पेशी येत नाहीत, नव्या वाटा फुटत नाहीत, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे मोठमोठे शास्त्रज्ञ मानत होते. मग मेलेल्या पेशींचं काम कोण करणार? 'जे गेलं ते गेलं' हे वाक्य आपल्या घरात येण्याआधी डॉक्टरांच्या पुस्तकात होतं.

खाटेचा काळ

पहिलं वाक्य, 'पडून राहू द्या', तेही दवाखान्यातूनच आलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकार असो, बाळंतपण असो, ऑपरेशन असो की पक्षाघात, उपचार म्हणजे अंथरूण. हृदयविकाराच्या रोग्याला आठवडेच्या आठवडे कुशीवरसुद्धा वळू देत नसत.

खाट किती महागात पडते याचं मोजमाप १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात झालं. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना फक्त तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. त्यांचा दमसास, म्हणजे श्रम करताना शरीर प्राणवायू किती वापरू शकतं ती ताकद, एक चतुर्थांशाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयानं जितकं नुकसान केलं नाही, तितकं त्या तीन आठवड्यांनी केलं होतं.

आता विचार करा, हे विशीतल्या निरोगी मुलांचं. साठीतल्या बाईचा एक हात-पाय गेलेला आहे, तिला सहा महिने खाटेवर ठेवलं तर काय राहील? पक्षाघात झालेल्याला चालायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते, कारण एक पाय ओढत न्यावा लागतो, तोल सांभाळावा लागतो. म्हणजे ज्याला दमसास सगळ्यात जास्त हवा, त्याचाच दमसास आपण खाटेवर घालवतो. मग तो माणूस चार पावलांत थकतो, पुन्हा बसतो, आणि घरातले म्हणतात, "बघा, होत नाही त्याला."

मालीश करणाऱ्या बाया आणि खडकीची छावणी

खाटेवरून उठवण्याचं काम आधी सुरू केलं ते हातानं सेवा करणाऱ्या बायांनी. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिका-सुईणींनी मिळून मालीश करणाऱ्या शिक्षित स्त्रियांची एक संघटना काढली. त्या काळी मालीश हा बदनाम धंदा समजला जाई. या चौघींनी परीक्षा ठेवल्या, नियम केले, कामाला मान मिळवून दिला. आजची फिजिओथेरपी म्हणजे व्यायामोपचार, त्याचं एक मूळ तिथं आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं. हजारो सैनिक हात-पाय गमावून परतू लागले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले शिपाईही होते. त्यांचं पुढं काय करायचं हा प्रश्न सरकारपुढं उभा राहिला. अपंग झालेल्या शिपायांना हातचं काम शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ही संस्था पुढं पुण्याजवळ खडकीला आली आणि आजही तिथं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. वानवडीला जाणाऱ्या अनेकांना ते माहीत आहे. १९७४ साली खडकीतच पाठीच्या कण्याला इजा होऊन लुळ्या पडलेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झालं. तिथं चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. ज्यांचे हातही चालत नाहीत असे जवान तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात.

या संस्थांमुळे पुण्यानं एक गोष्ट फार लवकर पाहिली: लुळं पडलेलं माणूस काम शिकू शकतं, खेळू शकतं. मुरलीकांत पेटकरांचं नाव आता सिनेमामुळं घरोघरी गेलंय. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे हे जवान, मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली, कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

इथं एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. कण्याची इजा वेगळी आणि मेंदूचा पक्षाघात वेगळा. कण्यात हुकूम नेणारी तारच तुटते. पक्षाघातात तार बरीचशी शाबूत असते, हुकूम देणारी जागा मेलेली असते. आणि मेंदूत शेजारच्या जागा जिवंत असतात. त्या जागा ते काम शिकतील का, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर लष्कराच्या छावणीत मिळालं नाही. ते मिळालं घराघरांत आणि प्रयोगशाळांत.

गेलेल्या बाजूलाही शिकवा

बर्टा बोबाथ ही जर्मनीतली व्यायामशिक्षिका. ज्यू असल्यामुळं नाझींच्या काळात तिला देश सोडून लंडनला यावं लागलं. १९४३ साली तिच्याकडं एक चित्रकार आला, त्याचं अर्धं अंग गेलं होतं. त्या काळची रीत अशी की गेलेला हात पट्टीत बांधून ठेवायचा आणि चांगल्या हातावर सगळं निभावून न्यायला शिकवायचं. बर्टाबाईंनी उलट केलं. आखडलेल्या बाजूलाच हळूहळू सैल करत, तिच्यावर भार देत, तिला हालचाल शिकवली. त्यांच्या पद्धतीतल्या काही गोष्टी पुढच्या अभ्यासात टिकल्या नाहीत, पण गेलेल्या बाजूला सोडून द्यायचं नाही हा धडा कायमचा राहिला.

आपल्याकडं ही विद्या पोलिओच्या वाटेनं आली. १९५२ च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ होती. लहान मुलांचे पाय लुळे पडत होते आणि त्यांना व्यायाम शिकवणारं कुणी नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, देशातली पहिली. पुढं ही विद्या पुण्यात आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत गेली.

आणि मग एक गोष्ट घडली, ती आम्हाला फार आवडते, कारण ती एखाद्या वाड्यात, वस्तीवर घडावी अशी आहे. १९५८-५९ च्या सुमारास पेद्रो बाख-इ-रिता नावाच्या साठी ओलांडलेल्या प्राध्यापकांना मोठा पक्षाघात झाला. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं. ते विधुर होते. डॉक्टरांनी आशा सोडली. धाकटा मुलगा जॉर्ज डॉक्टरकी शिकत होता, पण या आजाराचं त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं वडिलांना आपल्या घरी नेलं. चालता येत नाही ना, मग बाळ कसं शिकतं? आधी रांगतं. म्हणून त्यानं बापाला रांगायला लावलं, भिंतीला खांदा टेकवून. मग अंगणात. शेजारच्यांना ते बघवेना. एवढ्या विद्वान माणसाला असं जमिनीवर रांगायला लावता, असं लोक बोलू लागले. जॉर्जनं ऐकलं नाही. गोट्या टाकायच्या आणि गेलेल्या हातानं उचलायच्या. भांडी घासायची, पंधरा मिनिटं एका दिशेनं गोल, पंधरा मिनिटं उलट्या दिशेनं. रोज, महिनोन् महिने.

वर्षभरात प्राध्यापक पुन्हा शिकवायला जाऊ लागले. पुढं लग्न केलं, डोंगर चढू लागले. १९६५ साली कोलंबियात डोंगरावर फिरताना हृदयविकारानं गेले. त्यांचा मेंदू उघडून पाहिला तेव्हा तपासणारे थक्क झाले. मेंदूतून हात-पायाला हुकूम नेणारे जवळजवळ सगळे मुख्य धागे नष्ट झालेले होते आणि ते कधीच भरून आले नव्हते. तरी हा माणूस डोंगर चढत होता. म्हणजे मेंदूच्या राहिलेल्या भागानं नवी वाट काढली होती. थोरला मुलगा पॉल स्वतः डॉक्टर होता. त्यानं उरलेलं आयुष्य याच प्रश्नाला दिलं.

मैत्रिणींनो, या गोष्टीत महागडं यंत्र एकही नाही. गोट्या आहेत, भांडी आहेत, अंगण आहे. आणि 'लोक काय म्हणतील' याला न जुमानणारं एक माणूस आहे.

पळणारे उंदीर

भांडी घासून हात शिकतो हे समजलं. पण चालण्यानं, सायकलनं, दम लागेल अशा व्यायामानं मेंदूला काय मिळतं? अशा व्यायामाला 'एरोबिक' म्हणतात. श्वास वाढतो, छाती धडधडते, अंग गरम होतं, पण शेजारणीशी बोलता येतं. गाणं मात्र म्हणता येत नाही, इतपत श्रम. चढावर भराभर चालताना होतं तसं.

१९८२ साली जर्मनीत डुकराच्या मेंदूतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याचं नाव बीडीएनएफ. मेंदूच्या पेशी त्यामुळं तगतात आणि एकमेकींना जोडून घेतात. आपण त्याला मेंदूचं खत म्हणू. १९९५ साली कॅलिफोर्नियात दिसलं की पिंजऱ्यातल्या चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत हे खत वाढतं. १९९९ साली हेन्रिएट व्हान प्राग या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, आठवणी जिथं साठतात त्या भागात, नव्या पेशी जास्त तयार होतात आणि ते उंदीर लवकर शिकतात. मोठ्या मेंदूत नवं काही उगवत नाही, हे जुनं मत तिथं ढासळलं.

त्याआधी १९९६ साली माकडांवर झालेल्या एका प्रयोगानं दुसरी बाजू दाखवली होती. मेंदूतली हाताची जागा थोडी मेली आणि माकडाला सराव दिला नाही, तर आजूबाजूची शाबूत जागासुद्धा हाताचं काम विसरत गेली. सराव दिला, तर ती जागा हाताकडेच राहिली, कधी वाढली. म्हणजे न वापरलेलं रान गवत खातं, तसंच.

माणसांवरचा पहिला नीट बेतलेला प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला, आणि तो करणाऱ्या कॅथलीन पोटेम्पा या परिचारिका. पक्षाघात झालेल्या ४२ जणांना घेतलं. एका गटाला आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे, बसल्या जागी सायकल मारायला लावली. दुसऱ्या गटाचे फक्त सांधे हलवले. सायकल मारणाऱ्यांचा दमसास वाढला. ज्यांचा दमसास जास्त वाढला, त्यांच्या हालचालीतही सुधारणा दिसली. २००९ साली अमेरिकेतल्याच कॅन्ससमध्ये ३८ जणांवर असाच अभ्यास झाला: आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, पाऊण तास सायकल. ही माणसं हाताची नवी हालचाल ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा लवकर शिकली.

या सगळ्याचा अर्थ शेतकरणीला एका वाक्यात कळेल. दम लागेल असं चालणं म्हणजे नांगरट आणि खत, आणि हाताचा-पायाचा सराव म्हणजे पेरणी. नुसती नांगरून ठेवलेली जमीन पीक देत नाही. रोज दोन फेऱ्या मारल्या पण गेलेल्या हातानं कधी पेला धरला नाही, तर हात शिकणार नाही. आणि नांगरट न करता पेरलं तर उगवण कमी.

घाईनंही बिघडतं

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

खाटेवरून उठवणं चांगलं, मग पहिल्याच दिवशी जोरात उठवावं का? ऑस्ट्रेलियातल्या ज्युली बर्नहार्ट या फिजिओथेरपिस्टनं हाच प्रश्न घेतला. पाच देशांतल्या २,१०४ रोग्यांवर झालेला हा अभ्यास २०१५ साली छापला गेला. पहिल्या २४ तासांतच वरचेवर आणि जास्त वेळ उठवलेल्यांची स्थिती, नेहमीच्या पद्धतीनं उठवलेल्यांपेक्षा थोडी वाईट निघाली. स्वतःची आवडती कल्पना चुकली तरी त्यांनी ते जगाला सांगितलं. २०१९ साली जर्मनीत २०० रोग्यांना आजारानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एरोबिक व्यायाम दिला. चालण्याचा वेग आणि रोजची कामं यात जास्तीचा फायदा दिसला नाही, उलट गंभीर त्रास जास्त जणांना झाला. म्हणून सुरुवातीचे आठवडे सबुरीचे. बसणं, उभं राहणं, हळू चालणं डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं. दम लागेल असा व्यायाम तब्येत आणि रक्तदाब थाऱ्यावर आल्यावर. उंदरात जितकं स्वच्छ दिसतं तितकं माणसात दिसत नाही, हेही खरं. पण महिने-वर्षं झालेल्यांनाही अशा व्यायामानं चालण्याची ताकद वाढते, यावर आता जगभर एकमत आहे.

तिसरा अभ्यास आपल्या देशातला, आणि तो आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. फिजिओथेरपिस्ट कमी, गावं लांब. मग घरच्या माणसालाच व्यायाम शिकवला तर? भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रोग्यांवर हे करून पाहिलं, २०१७ साली निकाल आला. घरच्यांना शिकवलेल्या गटात आणि नेहमीच्या गटात सहा महिन्यांनी फरक दिसला नाही. घरची सेवा वाया जाते असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. अर्थ असा की, दवाखान्यात थोडं शिकवून सगळा भार घरच्या बाईच्या डोक्यावर टाकला म्हणजे काम झालं, असं होत नाही. तिला पाठीशी शिकलेलं माणूस लागतं, वरचेवर विचारपूस लागते, आणि तिला स्वतःला उसंत लागते.

आपल्या गावात, आपल्या गटात

आता कामाचं बोलू. चेहरा वाकडा झाला, एक हात उचलेना, बोबडी वळली, यातलं काहीही एकाएकी दिसलं की वेळ बघून ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि मेंदूचा फोटो काढल्याशिवाय देता येत नाही. मुळशी, वेल्हे, भोर, पुरंदरहून पुणे गाठायलाच दोन तास जातात. अंगाला तेल चोळणं, कबुतराचं रक्त लावणं, यात गेलेला तास परत मिळत नाही. तोंडानं पाणी किंवा गोळी देऊ नका, ठसका लागून ती श्वासनळीत जाऊ शकते.

घरी आणल्यावर पहिलं काम रक्तदाबाचं. पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाब. गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत. उपकेंद्रात तपासत राहायचं.

मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर चालणं. आधी खाटेपासून दारापर्यंत, मग अंगण, मग वाडीचा रस्ता. दहा मिनिटांचे दोन तुकडे केले तरी चालतात. आठवड्यातून तीन ते पाच दिवस, हळूहळू वीस मिनिटांपर्यंत आणि पुढं. गेलेल्या बाजूला आपण उभं राहायचं, कमरेला आधार द्यायचा. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यापुढं अंधारी आली तर लगेच थांबायचं. पुण्यात पर्वती चढणारे पुष्कळ, पण पायऱ्या ही शेवटची इयत्ता आहे, पहिली नव्हे.

चालून आल्यावर, अंग गरम असताना, हाताचा सराव. शेंगा सोलणं, गहू निवडणं, डबीचं झाकण उघडणं, कपडे वाळत घालणं, कणकेचा गोळा दाबणं. पाच-दहा वेळा करून भागत नाही, शंभरदा, रोज. काम जमेल पण थोडं अवघड वाटेल असं असावं. फार सोपं असलं तर मेंदू शिकत नाही, फार अवघड असलं तर माणूस खचतं. पेला सांडला तर ओरडू नका, बाळ पेला सांडूनच शिकलेलं असतं. जिल्हा रुग्णालयात आणि पुण्याच्या ससूनसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपी विभाग असतो. महिन्यातून एकदा तरी तिथं दाखवून पुढचा व्यायाम विचारून यावा.

शेवटी एक गोष्ट आपल्यापुरती. घरात पुरुषाचं अंग गेलं तर बायको, सून, लेक सगळ्या धरून चालवतात. बाईचं अंग गेलं तर? "तिला आता आराम द्या, खूप राबली," असं म्हणून तिला कोपऱ्यातली खाट मिळते. बोलणं मायेचं असतं, पण त्या मायेत तिचं चालणं जातं. तिला दवाखान्यात न्यायला कुणाला रजा मिळत नाही, व्यायामाला खर्च कशाला असं होतं, आणि तीही म्हणते, "माझ्यासाठी नको." आम्ही इतिहासातून पाहिलं की या विद्येतली कितीतरी पावलं बायांनी टाकली: मालीश करणाऱ्या, व्यायाम शिकवणाऱ्या, परिचारिका, शास्त्रज्ञ. त्या विद्येचा पहिला लाभ आपल्या घरातल्या बाईला मिळू नये, हे बरोबर नाही.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात असं आम्हाला वाटतं. आपल्या वाडीत अशी खाटेवर राहिलेली किती माणसं आहेत, त्यात बाया किती, याची यादी करावी. प्रत्येकीसाठी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारून आठवड्यातले तीन दिवस दोघी जणी चालायला सोबत द्याव्यात. आणि जी घरात सेवा करते, तिला त्या वेळात मोकळं सोडावं, तिनं अंग टेकावं, नाहीतर नुसतं शेजारी जाऊन बसावं. आशाताईंना बैठकीला बोलावून सगळ्यांचाच रक्तदाब तपासून घ्यावा.

ही यादी तुमच्या गटानं केली की आम्हाला जरूर कळवा.